उंबऱ्याअलीकडचं घर

बीडला नगर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वरचा मजला वडिलांच्या हयातीपासून भाड्यानेच असतो. काही वर्षांपूर्वी वरचं बिऱ्हाड बदली होऊन एप्रिलात गेलं, तेव्हा मी ठरवलं की या खेपेला जरा हात सैल सोडायचा. समोरच्या भिंतीला झेंडूसारखा रंग दिला, फाटकाला काळा ऑइलपेंट, पितळी अक्षरांची पाटी, फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक कुंडी. कुंड्यांतली फुलं प्लास्टिकची, म्हणजे पाणी घालायची कटकट नको. मग 'खोल्या भाड्याने देणे आहे' ही पाटी तारेनं बांधली आणि वाट पाहत बसलो.

मे सरत आला. चार कुटुंबं येऊन पाहून गेली आणि 'कळवतो' म्हणाली. आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे न कळवताही कळतं. पाचव्या खेपेला जिल्हा परिषदेचे एक गुरुजी आले, मागे त्यांची बायको, पुढे मोटारसायकलच्या टाकीवर पोरगं. दुपारचे दोन वाजलेले. गुरुजी माझ्याशी भाड्याचं आणि डिपॉझिटचं बोलायला लागले. बाई मात्र फाटकातच थांबल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्यांनी आधी गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे पाहिलं. टाकीवरून नजर पाइपावर उतरली, पाइपाच्या सांध्यापाशी भिंतीवर पडलेल्या हिरव्या ओघळावर थांबली, ओघळासोबत खाली आली ती थेट जिन्याच्या पहिल्या पायरीवर. त्या पायरीचा कोपरा उडालेला होता.

"काका, टाकीला झाकण नाही का?"

"बसवू की."

"अन् जिन्यात बल्ब दिसत नाही."

"लावू की."

"ही पायरी?"

"गवंडी सांगितलाय. करू की."

गुरुजी हसले. म्हणाले, "रंग तेवढा लगेच दिलात बघा, काका." आणि पोराला गाडीवर बसवून निघून गेले. वरच्या खोल्या त्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत. फरशी नवी होती, मोरी नवी होती. माझ्या डोक्यात दोन दिवस एकच गोष्ट घोळत राहिली, आत न जाता या बाईंनी घर पाहिलं तरी कसं?

पुष्कळ विचारानंतर ध्यानात आलं की त्यांना जे पाहायचं होतं ते बाहेरच होतं. भाड्याच्या घराचे दोन भाग असतात. उंबऱ्याच्या आतला भाग भाडेकरू आपल्या हातानं आपलासा करतो. भिंत कळकट असली तर चुना मारतो, खिडकीला जाळी ठोकतो, कोनाड्यात देव मांडतो, मोरीला ब्रश घालतो. आठवडाभरात त्या खोल्या त्याच्या होतात. उंबऱ्याअलीकडचं मात्र त्याच्या हातात काहीच नसतं. सामायिक टाकीला झाकण त्यानं का बसवावं? जिन्यातला बल्ब लावायचा तर कुणाच्या मीटरवर? नाली तुंबली तर बिगारी कुणी बोलवायचा? फाटकाची कडी बसत नसेल तर वेल्डिंगवाल्याला पैसे कुणी द्यायचे? या सगळ्यांत तो एका माणसावर अवलंबून असतो, आणि तो माणूस म्हणजे घरमालक. अकरा महिने या माणसाशी गाठ पडणार आहे, तो कसा आहे? हे विचारून कळत नाही. विचारलं तर सगळेच 'करू की' म्हणतात. म्हणून शहाणा भाडेकरू टाकी, पायरी आणि बल्ब पाहतो. आतल्या खोल्या त्याला घर कसं आहे ते सांगतात आणि बाहेरचं अंगण मालक कसा आहे ते सांगतं.

हे एकदा डोक्यात बसलं की घराची दर्शनी बाजू सुधारणं या गोष्टीचा अर्थच पालटतो. रंग, पाटी, कुंडी यांना मी सुधारणा समजत होतो. ती सजावट होती. सजावट भिंतीला चिकटवता येते. सुधारणेला नित्याची देखभाल लागते, आणि पाहणाऱ्याला नेमकी तीच दिसते. प्लास्टिकच्या फुलांनी त्या बाईंना काय सांगितलं असेल? हेच, की या घरात झाडाला रोज तांब्याभर पाणी घालणारं कुणी नाही.

पाण्याचं तर बीड जिल्ह्यात काय सांगावं! हा पर्जन्यछायेतला मुलूख. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. जिथं एवढ्या मोठ्या कारखान्याची ही गत, तिथं माणूस घर पाहायला आला की पहिला प्रश्न पाण्याचाच असणार. बोअर आहे का, उन्हाळ्यात आटतो का, नळ किती दिवसांनी येतो, हौद केवढा, मोटार कोण लावतं. पुण्या-मुंबईची माणसं घराचा व्ह्यू पाहतात, आमच्याकडचा व्ह्यू म्हणजे गच्चीवरची टाकी. तिला झाकण असलं, ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीवर न सोडता झाडाच्या आळ्यात सोडलेला असला, व्हॉल्व्ह ठिबकत नसला, की पाहणाऱ्याचा जीव निम्मा भांड्यात पडतो. हिरवा ओघळ ही नुसती घाण नसते. पाण्याच्या गावात ती दुर्लक्ष म्हणून खपून जाईल. बीडात तो अपराध दिसतो. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या माणसाला भिंतीवरून ओघळणारं पाणी बघवत नाही.

याच ओघात एक हिशेब सांगतो, कारण घराच्या बाहेरच्या अंगावर केलेला इतका उपयोगी खर्च मला दुसरा ठाऊक नाही. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे १० मिलीमीटरची एकच बरी सर आली तर त्या गच्चीवर ९३० लिटर पाणी पडतं. थोडं उडालं, थोडं मुरलं, तरी हजार लिटरची टाकी जवळजवळ भरावी इतकं. आपण हे पाणी पन्हाळीतून गल्लीत सोडतो आणि शेजाऱ्याशी भांडतो. तेच पाइपानं खाली आणून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरच्या बाजूला जिरवलं, तर पाहणाऱ्याला फाटकातूनच तो पाइप दिसतो. त्यासाठी पाटी लावावी लागत नाही. पितळी अक्षरांपेक्षा त्या पाइपाची साक्ष जास्त चालते.

दुसरी गोष्ट सावलीची. भाडेकरूंचा हंगाम आपल्याकडे ठरलेला आहे. मे-जूनमध्ये बदल्यांच्या ऑर्डरी निघतात, शाळा सुरू व्हायच्या असतात, खेड्यातली माणसं पोरांच्या शिक्षणासाठी शहरात 'खोली करून' राहायला निघतात. म्हणजे आपलं घर लोक पाहतात ते दिवाळीच्या रोषणाईत नव्हे, वर्षातल्या सगळ्यात वाईट उन्हात. मोटारसायकलवरून दहा घरं हिंडलेला, तोंडाला गमछा बांधलेला माणूस फाटकाशी थांबतो तेव्हा त्याला रंगाची छटा दिसत नाही. गाडी कुठं उभी करावी, पोरगं कुठं उभं करावं, एवढंच दिसतं. एक कडुलिंब असला की काम झालं. लिंबाची गंमत अशी की तो पानगळ आधीच उरकून चैत्रात पालवतो आणि ऐन मेमध्ये दाट असतो. भाडेकरू येतो तेव्हा लिंब तयारच असतो म्हणा ना. पहिली दोन-तीन वर्षं सांभाळला की पुढे तो फारसं काही मागत नाही. भिंतीला चिकटून पिंपळ-वड मात्र वाढू देऊ नये, मुळं जोत्यात शिरतात. आणि ज्यांच्याकडे लिंबाएवढी जागा नाही त्यांनी फाटकावर बोगनवेल चढवावी. कमी पाण्यावर जगते आणि उन्हाळ्यात फुलते. हिरवळ लावण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी टँकरचं बिल दाखवावं.

अलीकडे अंगणभर गट्टू बसवायची टूम निघाली आहे. मी पण बसवले होते. दिसायला झकपक, झाडायला सोपे. पण भर दुपारी त्यांच्यावर अनवाणी पाऊल टाकून बघा. आमच्या आजीच्या अंगणात शेणाचा सडा पडायचा, त्या जमिनीत पावसाचं पाणी मुरायचं आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी ती लवकर निवायची. सगळं अंगण मातीचं ठेवा असं मी म्हणणार नाही, चिखल कुणाला हवाय! पण झाडाभोवती चार हात माती उघडी ठेवायला काय हरकत आहे? नंतर मी आमच्या अंगणातल्या लिंबाभोवतीचे गट्टू उखडून काढले. गुत्तेदार हसला. हसू दे.

आता ओट्याविषयी थोडं सविस्तर, कारण माझं खरं शिक्षण तिथं झालं. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याची रचना आठवा. आधी ओटा, मग दरवाजा, मग ढाळज, मग चौक, मग ओसरी. परका माणूस एकदम घरात शिरत नसे आणि एकदम बाहेरही राहत नसे. ओट्यावर वाटसरू टेकायचा, ढाळजेत कामाची माणसं बसायची, ओसरीवर सोयरे. माणूस जसा ओळखीचा होई तसा आत येई. मृगाआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देणारी माणसं ओटाही सारवून घेत. ओटा तर आपण फारसा वापरत नाही, मग त्याच्यावर श्रम कशाला, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. घराचा तो भाग दुसऱ्यांसाठीच असे. हल्लीच्या घरांना ओटा नसतो. गाडी चढवायचा उतार असतो, त्यावर लोखंडी फाटक. बाहेरच्या माणसाला बसायला इंचभर जागा नाही.

गुरुजी गेले त्याच वर्षी जूनमध्ये एक म्हातारी आली, धारूरकडची. मुलगा-सून ऊसतोडीला जाणारे. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघायचे, ते पाडव्याच्या आसपास परतायचे. दोन नातवंडांची शाळा बुडू नये म्हणून आजीला पोरांपाशी ठेवून शहरात खोली करायची होती. मुलगा वर जाऊन खोल्या पाहून आला, त्याला पसंत पडल्या. म्हातारी खालीच. म्हणाली, "बाबा, सांजच्याला बसावं कुठं रं हितं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वयंपाकघरातली टाइल, नळाच्या तोट्या, काही म्हणता काही तिनं विचारलं नाही. दिवसभर पोरं शाळेत, लेक-सून दोनशे कोसांवर, ओळखीचं कुणी नाही. अशा बाईला गल्लीतून जाणारी-येणारी चार माणसं दिसली पाहिजेत, इतकीच तिची मागणी. ती तिच्या दृष्टीनं खोलीपेक्षाही मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला. गाडीचा उतार अर्धा तोडला आणि लिंबाखाली दोन शहाबादी फरश्यांचा, गुडघाभर उंचीचा ओटा बांधून घेतला. त्याच दिवशी पायरी झाली, टाकीला झाकण आलं, सांधा बदलला आणि जिन्यात बल्ब लागला, माझ्या मीटरवर. रंगाला जेवढा खर्च आला होता त्याच्या निम्म्यात हे सगळं उरकलं. निरोप धाडल्यावर म्हातारी नातवंडांना घेऊन आली. ओट्यावर हात फिरवला, बसून पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "सामान आन."

जिन्यातल्या बल्बाचं मी उपकारासारखं सांगतोय, पण तो उपकार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदा चालत होता. नव्या कायद्याच्या १४ व्या कलमात घर दुरुस्त स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. आणि २९ व्या कलमात ज्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत त्यांत पाणी आणि विजेसोबत जिन्यातले आणि बोळातले दिवेही धरले आहेत. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हेच, असं एखादे वकील म्हणतील, तो त्यांचा धंदा. मला यात रस वाटला तो एवढ्यासाठी की कायदा करणाऱ्यांनाही जिन्यातला दिवा आठवला होता आणि मला आठवला नव्हता.

गावागणिक ही दर्शनी बाजू थोडी थोडी बदलते. परळीत १९७१ पासून वीजकेंद्र आहे. तिथं राखेचा थर बसतो त्या भागात पांढऱ्या शुभ्र भिंतीचा हट्ट धरणारा मालक चुकतो. राखाडीकडे झुकणारा रंग, धुता येईल असा ओटा आणि अंगणात पाण्याची तोटी, असं घर तिथं शहाणपणाचं दिसतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. तिथं खोली घेणाऱ्या नर्सबाई आणि शिकाऊ डॉक्टर रात्री-अपरात्री परततात. त्यांच्यासाठी घराची दर्शनी बाजू म्हणजे रात्री दोन वाजताची. वळणावर उजेड आहे का, फाटकाची कडी आवाज न करता लागते का, जिन्याला कठडा आहे का. त्या घराला तुम्ही कोणता रंग दिलाय हे त्यांना कदाचित वर्षभर कळणारही नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रंगानं झाकत नाही, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो. फाटकात उभ्या असलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "आडनाव काय?" भाडं किती द्याल, माणसं किती, नोकरी कुठं, हे सगळं नंतर. आडनाव ऐकून मग 'खोली कालच गेली हो' असं सांगायचं, आणि पाटी मात्र तारेवर तशीच लटकत ठेवायची. आमच्या घरात हे झालेलं आहे. वडिलांनी केलं आणि मी बाजूला उभा राहून ऐकलं. ज्याला असं परत पाठवलं तो माणूस गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळून पाटीकडे बघत होता, हे मला आजही दिसतं. उंबऱ्याअलीकडचं घर म्हणजे मालकाचा स्वभाव, असं मी वर म्हटलं. मग त्यात टाकी आणि पायरी धरायची आणि फाटकातलं बोलणं सोडून द्यायचं, हे कसं चालेल? गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात जातीजातींतलं वातावरण किती तापलं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. अशा वेळी ओळखपत्र पाहा, करार नोंदवा, पोलिसांकडे माहिती द्या, डिपॉझिट घ्या, पण आडनावाचा प्रश्न सोडा. लिंब वाढवायला तीन वर्षं लागतात, ही सुधारणा आज करता येते आणि फुकट होते.

म्हातारी आमच्याकडे नातवंडांच्या दहावीपर्यंत राहिली. पहिल्या पावसाळ्यातच प्लास्टिकची फुलं तिनं कुंड्यांतून उपटून कचऱ्यात टाकली आणि एकीत तुळस, दुसरीत सदाफुली लावली. मला विचारलं नाही. त्या ओट्यावर आता संध्याकाळी गल्लीतल्या चार बायका बसतात, दुपारी कुरिअरवाला पोरगा टेकतो, आणि वरच्या खोल्या रिकाम्या व्हायच्या असल्या की पुढचा भाडेकरू बहुतेक त्यांच्यातच कुणाच्या तरी ओळखीनं येतो. पाटी गेली कित्येक वर्षं माळ्यावर पडून आहे.

तुमच्याकडे या उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या होणार असतील तर रंगारी बोलावण्याआधी एक करा. मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता, डोक्याला काही न बांधता, आपल्याच फाटकाच्या बाहेर दहा मिनिटं उभे राहा. आणि मग त्याच जागी एकदा रात्री दिवे घालवून.